उद्यमनगरातील शेडमध्ये व्हिडिओ डाउनलोडहेल्पर

उद्यमनगरातील आमच्या शेडवर पत्र्याचे छप्पर आहे आणि दोन्ही बाजूंना यंत्रांची रांग आहे, त्यामुळे मोबाइलची रेंज जेमतेम दारापर्यंत येते. सीएनसी लेथवर (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या लेथ यंत्रावर) नव्याने आलेल्या मुलांना टूल ऑफसेट (कापणाऱ्या हत्याराच्या टोकाची नेमकी जागा यंत्राला सांगणारे माप) कसा घ्यायचा हे समजावण्यासाठी यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर चांगले व्हिडिओ आहेत; पण ते यंत्राशेजारी उभे राहून पाहायचे म्हटले की निम्मा वेळ पडद्यावर फिरणारे चक्र बघण्यातच जातो. म्हणून कंपनीकडून ईमेलवर रीतसर परवानगी घेऊन ते लॅपटॉपवर उतरवून ठेवायचे ठरवले, आणि त्यासाठी गेले चार महिने मी फायरफॉक्स ब्राउझरमध्ये ‘व्हिडिओ डाउनलोडहेल्पर’ हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, वापरतो आहे.

त्याआधी दुसरे एक फुकटचे एक्स्टेन्शन वापरून हात पोळले होते. त्याने उतरवलेली पहिलीच फाइल मुलांसमोर लावली, तर शिकवणाऱ्याचे तोंड हलत होते आणि शेडमध्ये शांतता. “मालक, आवाजच येत न्हाई की,” असे एकजण म्हणाला, तेव्हा मी आधी स्पीकरची वायर तपासली. कारण वेगळेच होते. आजकाल अनेक संकेतस्थळे चित्र आणि आवाज दोन स्वतंत्र प्रवाहांत पाठवतात व ब्राउझर ते चालवताना जुळवून घेतो. त्या एक्स्टेन्शनने फक्त चित्राचा प्रवाह उचलला होता. शिवाय व्हिडिओ एकसंध फाइल म्हणून येतच नाही. ॲपलने २००९ मध्ये आणलेल्या एचएलएस पद्धतीत त्याचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि त्या तुकड्यांची यादी एका छोट्या मजकूर-फाइलमध्ये दिलेली असते. तुकडा सहा सेकंदांचा धरला, तर वीस मिनिटांच्या धड्याचे दोनशे तुकडे होतात.

डाउनलोडहेल्परची खरी किंमत इथे कळते. त्याच्या जोडीला माझ्या लॅपटॉपवर ‘कंपॅनियन ॲप’ हा छोटा सहायक प्रोग्रॅम बसवलेला आहे. तुकडे गोळा करून सांधणे, आवाज आणि चित्र एकत्र बांधणे हे काम तो करतो आणि हातात सरळ एमपी४ फाइल येते. व्हिडिओ सुरू केला की ब्राउझरच्या वरच्या पट्टीतील चिन्हावर क्लिक करायचे, म्हणजे पानावर सापडलेल्या व्हिडिओंची यादी उघडते. एकच धडा १०८०, ७२० आणि ३६० अशा वेगवेगळ्या दर्जांत दिसतो. मी ७२० घेतो, कारण कंट्रोल पॅनेलवरचे आकडे त्यात स्पष्ट वाचता येतात आणि वीस मिनिटांच्या धड्याला साधारण ३०० एमबीच जागा लागते. पानावर जाहिरात असेल तर तीही याच यादीत येऊन बसते, म्हणून निवडण्यापूर्वी लांबीचा आकडा पाहावा. घाईत मी एकदा पंधरा सेकंदांची जाहिरात मोठ्या समाधानाने जपून ठेवली होती.

क्रोममध्ये वापरणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, की तिथल्या आवृत्तीतून यूट्यूबचे व्हिडिओ उतरवता येत नाहीत, कारण क्रोमच्या एक्स्टेन्शन दुकानाचे नियमच तसे आहेत. यूट्यूबच्या स्वतःच्या अटीही परवानगीशिवाय व्हिडिओ उतरवू देत नाहीत, तेव्हा ब्राउझर बदलून पळवाट शोधण्यापेक्षा ज्याचा व्हिडिओ आहे त्याला विचारणे बरे. ओटीटीवरील चित्रपट कुलूपबंद रूपात येतात. त्यांच्यासाठी हे साधन नाही. आणि एनपीटीईएल या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमावरील आयआयटीच्या प्राध्यापकांची उत्पादनतंत्रावरील व्याख्याने हवी असतील, तर त्यांच्या संकेतस्थळावरच डाउनलोडची सोय आहे. तिथे एक्स्टेन्शनची गरजच पडत नाही.

माझी धास्ती वेगळ्या बाबतीत आहे. पानावरचा व्हिडिओ ओळखायचा तर पान वाचावे लागते, म्हणून अशी एक्स्टेन्शने बसवताना सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची मुभा मागतात. ही मुभा आज चांगल्या हातात असली, तरी एक्स्टेन्शनची मालकी बदलली की ती नव्या मालकाकडे जाते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो लोकांचे आवडते एक्स्टेन्शन असेच विकले गेले आणि घातक कोड आढळल्यामुळे २०२१ मध्ये गुगलला ते बंद करावे लागले. माझ्या त्या फुकटच्या एक्स्टेन्शनने तर दुसऱ्याच दिवशी ब्राउझरचे शोधपान परस्पर बदलून टाकले होते. म्हणून फायरफॉक्समध्ये मी या कामासाठी वेगळे प्रोफाइल, म्हणजे एक्स्टेन्शने आणि लॉगिन स्वतंत्र ठेवणारा कप्पा, केले आहे. त्यात बँक, ईमेल किंवा जीएसटीचे पोर्टल कधीही उघडत नाही. ही पाच मिनिटांची मेहनत मान्य असेल, तर साधन घेण्याजोगे आहे. मान्य नसेल, तर मी सुचवणार नाही.

उतरवलेल्या फाइलला पानाच्या शीर्षकावरून नाव मिळते आणि आमच्या पुरवठादाराच्या सगळ्या पानांचे शीर्षक एकच आहे. त्यामुळे प्रत्येक फाइलला मी हाताने ‘चक बदलणे’, ‘जॉब झिरो घेणे’ अशी नावे दिली आहेत. आता पाळी बदलताना मुले मला न विचारता हवी ती फाइल लावतात, आणि टूल टेकवण्याच्या जागी व्हिडिओ थांबवून यंत्राकडे वळतात.