पी-अक्षांचा नकाशा की इन्व्हर्जन? आधी बीचबॉल मोजा

नाशिकला बसून दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण पट्ट्यातल्या छोट्या धक्क्यांवरून ताणाची दिशा काढायची असेल, तर आधी दोनच गोष्टी बघा: भरवशाचे बीचबॉल (भूकंपात खडक कोणत्या प्रतलावर कुठल्या दिशेला सरकला ते दाखवणारी गोल आकृती; तिच्यात दोन शक्य प्रतलं असतात) किती आहेत, आणि ते एकमेकांपासून किती वेगळे आहेत.

सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे प्रत्येक धक्क्याचा पी-अक्ष (बीचबॉलमधली आकुंचनाची दिशा) नकाशावर टाकून सरासरी घेणं. अर्ध्या दिवसाचं काम. पण पी-अक्ष म्हणजे कमाल दाबाची दिशा नव्हे. तो व्याख्येनेच भ्रंशतलाशी (खडक ज्या भेगेवर सरकतो तिच्याशी) ४५° करतो, ०.६ घर्षणांकाचा खडक मात्र दाबाशी साधारण ३०° वर सरकतो. १९६७ चा कोयनेचा भूकंप घ्या. भ्रंश उत्तरेपासून सुमारे १०° पूर्वेकडे, सरकणं डावं, म्हणजे भ्रंशाकडे तोंड करून उभं राहिलं तर पलीकडची बाजू डावीकडे. भ्रंश उभा धरला, तर पी-अक्ष उत्तरेच्या ३५° पश्चिमेला येतो. घर्षण हिशेबात घेतलं की दाब २०° पश्चिमेला. एकाच भूकंपात १५° ची तफावत! जुना, कमकुवत भ्रंश असला तर ती आणखी वाढू शकते. म्हणून जागतिक ताण नकाशात (ताणाच्या दिशांना ‘ए’पासून उतरता दर्जा देणाऱ्या जगभरच्या संग्रहात) एकट्या बीचबॉलला ‘सी’च्या (दिशेत ±२५° चूक) वरचा दर्जा मिळत नाही.

दुसरा मार्ग इन्व्हर्जनचा, म्हणजे अनेक बीचबॉलांना मिळून जुळणारा एकच ताण उलट गणिताने काढणं. मायकेलचं रेषीय इन्व्हर्जन (१९८४) ताणाचे तीन मुख्य अक्ष आणि त्यांचं आकार-गुणोत्तर (मधला ताण दोन टोकांच्या ताणांमध्ये कुठे बसतो ते) देतं. गोची अशी, की बीचबॉलच्या दोन प्रतलांपैकी खरं कोणतं ते बहुधा ठाऊक नसतं. चुकीचं निवडलं तरी अक्ष बऱ्यापैकी टिकतात, गुणोत्तर बिघडतं. गुणोत्तर हवंच असेल तर वाव्रिचुकची २०१४ ची पद्धत घ्या. ती सरकायला जास्त तयार असलेलं प्रतल निवडते आणि उत्तर स्थिर होईपर्यंत फेऱ्या मारते. पायथन कोड फुकट मिळतो.

‘ए’ दर्जाला एकाच परिसरातले किमान १५ पक्के बीचबॉल आणि १२° च्या आत चूक लागते. ‘बी’ला ८ आणि २०°. पण एकाच भ्रंशावरचे तीस सारखे धक्के म्हणजे एकच समीकरण तीसदा लिहिणं. कोयनेकडचे स्ट्राइक-स्लिप (आडवे सरकणारे) आणि वारणेकडचे नॉर्मल (वरचा भाग खाली घसरणारे) धक्के असं वैविध्य उपयोगी पडतं. संख्या भरावी म्हणून १९९३ चा किल्लारीचा रिव्हर्स (वरचा भाग वर चढणारा) धक्का त्यात ढकलू नका; इन्व्हर्जन सगळीकडे एकच ताण धरून चालतं.

खरी मेहनत बीचबॉल पक्का करण्यात जाते. आपले दोन-तीन रिश्टरचे धक्के जागतिक सीएमटी यादीत (मोठ्या भूकंपांच्या तयार बीचबॉलांच्या यादीत) नसतात, पहिल्या हालचाली (प्रत्येक भूकंपमापन केंद्रावर पहिली उडी वर की खाली) स्वतःच वाचाव्या लागतात. दहा-बारा स्पष्ट वाचनं नसतील, किंवा धक्क्याभोवतीच्या केंद्रांमधली मोकळी फट १२०° हून मोठी असेल, तर तो धक्का सोडा. एखाद्या सेन्सरची वायर उलटी जोडलेली असली तर सगळे बीचबॉल वाकडे येतात. दूरच्या मोठ्या भूकंपात शेजारच्या केंद्रांची पहिली उडी एकाच दिशेला आहे का, ते ताडून बघा. मग धक्क्याची खोली दोन किलोमीटर वर-खाली करून पुन्हा सोडवा. प्रतल २० अंशांहून जास्त फिरलं, तर तो धक्का यादीतून काढा.

एवढं चाळून आठपेक्षा कमी उरले तर इन्व्हर्जनच्या वाटेला जाऊ नका. पी-अक्ष काढा, शेजारी ‘सी’ लिहा.