निळ्या फुलाचा केना: कोणता ठेवायचा, कोणता उपटायचा

पावसानंतर जमिनीलगत पसरलेल्या हिरव्या वेलीवर सकाळी निळं फूल दिसलं, की ठेवावं की उपटावं हा प्रश्न पडतो. मला तरी दर वेळी पडतो, कारण ते फूल फार सुंदर असतं. पण फुलाकडे बघून उत्तर मिळत नाही. नेहमीचा रुंद पानांचा केना, म्हणजे कॉमेलिना बेंगालेन्सिस, आणि कोरड्या वाळूत रमणारा त्याचा अरुंद पानांचा भाऊबंद कॉमेलिना फोर्स्काली, या दोघांचीही फुलं निळी. वरच्या दोन पाकळ्या ठसठशीत, तिसरी खाली बारीकशी. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने या दोघांच्या वंशाला (जीनसला) डच कॉमेलिन घराण्याचं नाव दिलं ते या पाकळ्यांवरूनच: दोन नाव कमावलेले वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि तिसरा काही करून दाखवण्याआधीच वारलेला. दोन्ही झाडांचं फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटून विरघळल्यासारखं होतं. म्हणून ओळख पटवायची तर पानांवरून पटवा.

केन्याचं पान अंडाकृती, रुंद, तळाशी आखूड देठ असलेलं. पानाचा जो भाग खोडाला वेढून बसतो, त्याच्या काठावर तांबूस-तपकिरी केस दिसतात. हे केस दिसले की माझी शंका फिटते. फोर्स्कालीचं पान लांबट, चिंचोळं, कडेने लहरी असतं आणि देठाशिवाय थेट खोडावर बसतं. फूल ज्या हिरव्या कोषातून डोकावतं, त्याच्या कडा दोघांतही खाली जुळलेल्या असतात. त्यामुळे या दोघांत फरक करायला कोष उपयोगाचा नाही. मात्र कोष दुमडलेल्या पानासारखा तळापर्यंत उघडा दिसला, तर ते झाड या दोघांपैकी नव्हे. बहुधा ओलाव्याच्या जागी वाढणारी कॉमेलिना डिफ्यूजा असेल.

आता खरा मुद्दा, तो जमिनीखाली आहे. केना खणून बघा. मातीत फिकट, पांढुरक्या फांद्या सापडतात आणि त्यांवर कधीच न उमलणारी फुलं असतात. ती आतल्या आतच स्वतःचं परागीभवन उरकतात आणि मातीतच बी धरतात. फोर्स्कालीतही अशी भूमिगत फुलं असतात, पण केन्यात हा खेळ फार पुढे गेला आहे. वरच्या बोंडात पाच बिया, एक मोठी आणि चार लहान. खालच्या बोंडात तीन, एक मोठी आणि दोन लहान. म्हणजे एकाच झाडाकडे चार तऱ्हांचं बी! सगळं एकदम रुजत नाही, त्यामुळे एका खुरपणीत केना संपत नाही. शिवाय खालची फुलं वरच्या निळ्या फुलांच्या आधी येतात. निळं फूल बघून तुम्ही खुरपं हाती घेता, तोवर मातीत बियांची तजवीज झालेली असू शकते.

अमेरिकेत केना 1928 साली पहिल्यांदा आढळला आणि 1983 साली त्याची नोंद घातक तणांच्या सरकारी यादीत झाली. ग्लायफोसेट हे तणनाशक सोसणाऱ्या कापसाच्या शेतांत तर तो फारच डोईजड झाला, कारण त्या तणनाशकाला केना सहजासहजी दाद देत नाही.

म्हणून लागवडीच्या वाफ्यात, भाजीच्या ओळीत रुंद पानांचा केना अजिबात ठेवू नका. दोन-चार पानांवर असतानाच काढा, फुलाची वाट बघू नका. हे सांगताना मला वाईट वाटतं, पण वाफ्यात त्याच्याशी तडजोड होत नाही.

फोर्स्कालीबद्दल मात्र मी हात सैल सोडतो. आफ्रिका, अरबस्तान, मादागास्कर आणि भारत हा त्याचा मूळ मुलूख, तिथल्या रेताड, पाणी न धरणाऱ्या जमिनी ही त्याची जागा. नावातला फोर्स्कोल हा लिनियसचा शिष्य 1763 मध्ये येमेनमध्ये वारला. कोरड्या मुलखातल्या या झाडाला त्याचंच नाव मिळालं, हे मला फार योग्य वाटतं. निळं फूल रोज डोळ्यांसमोर हवं असेल तर हे झाड निवडा. वाळू जास्त घातलेली पसरट कुंडी, भरपूर ऊन आणि बेताचं पाणी एवढं पुरे. कुंडीच ठेवा, कारण मातीत बी लपवायची खोड यालाही आहे आणि कुंडीतलं बी कुंडीतच राहतं.

पडीक जमिनीवर दोघांनाही हात लावू नका. त्यांच्या फुलात मध नसतो, तरी पिवळ्या वांझ पुंकेसरांना भुलून आणि परागांसाठी माश्या येतात.

उपटायचं ठरलंच तर माती ओली असताना मुळाभोवतीचा गोळा धरून काढा, नुसतं खोड ओढू नका. तुटलेला तुकडा ओल्या मातीवर पडला की पेरापेराला मुळं फुटून तो पुन्हा धरतो. काढलेलं झाड वाफ्याच्या कडेला न टाकता कोरड्या फरशीवर उन्हात पसरा आणि खोड कडकडीत वाळेपर्यंत तिथून हलवू नका.