बॉल-स्टिक मॉडेल किट: ग्लुकोजला पैकीच्या पैकी, ऑर्बिटल काठावर पास

अकरावी-बारावी आणि बीएस्सीच्या मुलांसाठी मिळणाऱ्या, बॉल आणि काड्या जोडून रेणू बांधायच्या मॉडेल किटच्या डब्यावर ‘इतके नग’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. त्यावर जाऊ नका, आत काय आहे ते मोजा. अल्फा आणि बीटा ग्लुकोज (एकाच साखरेची दोन रूपं, फरक फक्त पहिल्या कार्बनवर) शेजारी-शेजारी बांधायचे तर १२ काळे बॉल (कार्बन), १२ लाल (ऑक्सिजन), २४ पांढरे (हायड्रोजन) आणि ४८ काड्या लागतात. एवढं असेल तर त्याच दोन रेणूंतून पाण्याचा एक रेणू काढून माल्टोजही (दोन ग्लुकोजची जोडसाखर) जोडता येतो. स्वस्त किटमध्ये बहुतेक वेळा लाल बॉलच कमी पडतात.

दुसरी तपासणी भोकांची. कार्बनला चार भोकं, १०९.५ अंशांवर. ऑक्सिजनची दोन भोकं समोरासमोर असतील तर किट परत करा, कारण सहा अणूंचं कडं (रिंग) नीट मिटणारच नाही.

पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं कडं जोडलं की पुस्तकातला सपाट षटकोन आपोआप मोडतो आणि खुर्चीचा आकार येतो. या किटचे पैसे इथेच वसूल होतात. बीटा-डी-ग्लुकोज बरोबर जमला का, हे टेबलावर ठेवून कळतं: कड्यावरचे चारही हायड्रॉक्सिल (OH गट) आणि सहावा कार्बन कडेला पसरलेले, आणि रेणू १, ३, ५ क्रमांकाच्या कार्बनच्या हायड्रोजनवर तिपाईसारखा उभा. (हायड्रॉक्सिलचे पांढरे बॉल आधी वर फिरवून घ्या, नाहीतर तेच टेबलाला टेकतात.) वरून पाहताना क्रमांक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जायला हवेत, उलटे गेले तर तुम्ही एल-ग्लुकोज, म्हणजे त्याची आरशातली प्रतिमा, बांधलाय. अल्फात पहिल्या कार्बनचा हायड्रॉक्सिल खाली येतो, त्यामुळे रेणू कलतो. ही मांडणी थोडी कमी स्थिर, म्हणून पाण्यात विरघळलेल्या ग्लुकोजमध्ये बीटा साधारण ६४ टक्के आणि अल्फा ३६ टक्के का, याचा अंदाज इथेच येतो. दुसऱ्या कार्बनवर हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिलची अदलाबदल केली की मॅनोज, चौथ्यावर केली की गॅलॅक्टोज, या वेगळ्या साखरा.

अल्फाचा बीटा करताना मुलं पहिल्या कार्बनवरचे दोन गट उपटून जागा बदलतात. उत्तर बरोबर येतं, पण रसायनशास्त्र चुकतं. पहिला कार्बन आणि कड्यातला ऑक्सिजन यांच्यातली काडी काढा, पहिल्या हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन त्या सुट्या ऑक्सिजनला द्या, दोन लवचिक काड्यांनी अल्डिहाइड (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा गट) करा, पहिला कार्बन अर्धा फिरवा आणि पुन्हा मिटवा. काड्या खेचून नव्हे, पिळून काढा. खेचल्या की टोक भोकातच तुटतं.

ऑर्बिटलच्या (इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता असलेल्या जागेच्या) प्लास्टिकच्या पाकळ्यांबद्दल मात्र मत फारसं बरं नाही. पाच भोकांचा कार्बन (तीन १२० अंशांवर, दोन त्यांना काटकोनात) वापरून अल्डिहाइडचा पाय (π) बंध, म्हणजे दुहेरी बंधातला दुसरा बंध, दाखवता येतो, तेवढं चांगलं आहे. पण पाकळ्यांचे दोन रंग म्हणजे धन आणि ऋण भार, असं मुलं धरून चालतात. तो तरंगफलनाच्या (इलेक्ट्रॉनचं वर्णन करणाऱ्या गणिती फलनाच्या) अधिक-उणे चिन्हातला फरक आहे, आणि माहितीपत्रकात त्याबद्दल अवाक्षर नाही. शिवाय कडक प्लास्टिकमुळे इलेक्ट्रॉन त्या भिंतीच्या आतच कोंडलाय असं वाटतं. खरं तर ती सीमा म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याची सुमारे ९० टक्के शक्यता जिथे सामावते तिथे आखलेली रेघ.

फक्त साखरेसाठी घेत असाल तर पाकळ्यांचा जादा संच सोडा, त्या पैशात सुट्या काड्या आणि लाल बॉल घ्या.