एक्सेलचं टेबल: ओळ घातली तरी रूप तेच

स्टॉकचं रजिस्टर मी एक्सेलमध्ये ठेवते आणि ताजी नोंद सगळ्यात वर लिहायची मला खोड आहे. म्हणजे रोज हेडिंगच्या बरोबर खाली नवी ओळ घालायची. एक्सेल नव्या ओळीला तिच्या वरच्या ओळीचं रूप देतं, आणि माझ्या नव्या ओळीच्या वर हेडिंग! त्यामुळे प्रत्येक नोंद ठळक अक्षरात, निळ्या पट्टीवर, मधोमध. १२५०.५० टाकलं की दिसायचं १२५०.५, कारण हेडिंगला दोन दशांशांचं फॉर्मॅट कुठून असणार?

ओळ घातली की शेजारी ब्रशचं इवलंसं चिन्ह येतं. त्यात खालच्या ओळीसारखं फॉर्मॅट घ्यायची सोय आहे, हे मला फार उशिरा कळलं. काम होतं, पण दर वेळी आठवणीने करायचं. शिवाय बेरीज डी२ ते डी४० अशी असेल, तर वर ओळ घातल्यावर सूत्र निमूटपणे डी३ ते डी४१ होतं आणि नवी रक्कम बाहेरच राहते. रंग चुकला तर डोळ्याला खुपतो तरी, हे कळतसुद्धा नाही.

शेवटी कंट्रोल+टी दाबून सगळ्याचं टेबल केलं, म्हणजे या सगळ्या ओळी मिळून एकच यादी आहे असं एक्सेलला सांगितलं. आता हेडिंगखाली ओळ घातली तरी ती डेटाच्या ओळींसारखीच येते, नग गुणिले दर हे सूत्र आपोआप भरतं, एकाआड एक रंगीत पट्ट्यांचा क्रम बिघडत नाही. कंट्रोल+शिफ्ट+टीने येणारी बेरजेची ओळ नव्या नोंदीही धरते. टेबलाचे तयार रंग मला भडक वाटतात. स्टाइल 'नन' ठेवली तरी बाकी सगळं चालतं. मात्र आधीच बिघडलेल्या ओळी टेबल केल्याने सुधारत नाहीत, त्या फॉर्मॅट पेंटरने (एका ओळीचं रूप दुसरीला देणारं बटण) आधी सारख्या करून घ्या.

किंमत मोजावी लागतेच. टेबलात मर्ज केलेले सेल चालत नाहीत, त्यामुळे मधेमधे महिन्याचं नाव चार सेल जोडून लिहायची माझी हौस गेली. महिन्याचा वेगळा रकाना केला. शीट प्रोटेक्ट केली, म्हणजे कुणी बदल करू नये म्हणून कुलूपबंद केली, की टेबल वाढत नाही, म्हणून फाइल इतरांना देताना मला अजून तोडगा सापडलेला नाही. आणि दुसऱ्या फाइलमधून साधं पेस्ट केलं तर तिथला फॉन्ट टेबलातही घुसतो. आता मी कंट्रोल+आल्ट+व्ही, मग व्ही, मग एंटर. फक्त आकडे येतात.