ट्रेड डेप्थ गेज, कित्येक महिन्यांच्या वापरानंतर: ट्रेलरचे टायर एकाच कडेने का घासत होते

डिजिटल ट्रेड डेप्थ गेज घेऊन आता बरेच महिने झालेत, म्हणून सविस्तर लिहितोय. हे साधन काम एकच करतं: टायरच्या खाचेत टोक घातलं की खोली मिलिमीटरमध्ये दाखवतं. पण आमच्या दोन ॲक्सलच्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) टायरची आतली कडच का झिजते, ते कोडं याच्यामुळेच सुटलं.

ही झीज डोळ्यांना दिसेपर्यंत निम्मा टायर गेलेला असतो, आणि आतली कड तर ट्रेलरखाली वाकून पाहिल्याशिवाय दिसतच नाही. गेजने प्रत्येक टायरवर आतली, मधली आणि बाहेरची खाच मोजायची. मधली जास्त उथळ असेल तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा उथळ असतील तर हवा कमी किंवा भार जास्त. एकच कड गेली असेल तर कँबर (चाकाचा वरचा भाग आत-बाहेर झुकणं), टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं), वाकलेला ॲक्सल किंवा ढिलं बेअरिंग. परिघावर जागोजागी वेगवेगळे आकडे आले तर बॅलन्सिंग आणि बेअरिंग तपासायचं. मोजताना टोक खाचेतल्या झीज दाखवणाऱ्या उंचवट्यावर टेकत नाही ना, आणि गेजच्या पट्टीखाली खडा अडकलेला नाही ना, एवढं बघा. काही टायरच्या कडेच्या खाचा नवीन असतानाच मधल्यांपेक्षा उथळ असतात, म्हणून पहिली नोंद नव्या टायरवरच करून ठेवा.

आमच्या मागच्या ॲक्सलवरच्या एका चाकाचे आकडे होते बाहेर 5.8, मध्ये 5.7 आणि आत 4.1. त्याच बाजूच्या पुढच्या चाकातही तसाच कल होता, पण कमी. दुसऱ्या बाजूचे दोन्ही टायर जवळपास सारखे झिजलेले. दोष हवेचा असता तर तो असा एकाच कडेवर दिसला नसता. शिवाय हवा मी चाकं थंड असतानाच, टायरवर छापलेल्या कमाल थंड दाबाइतकी भरतो.

मग एकेका चाकाचं वजन केलं. फ्रिज, ओटा आणि पाण्याची टाकी, सगळं त्याच झिजणाऱ्या बाजूला, आणि ती बाजू चांगलीच जड निघाली. पाणी लिटरला एक किलो, त्यामुळे भरलेली टाकी बराच फरक पाडते. ट्रेलरचा ॲक्सल कारखान्यातूनच मध्ये किंचित वर उचललेला येतो आणि भार पडला की जवळपास सरळ होतो. भार प्रमाणाबाहेर गेला की तो आणखी दबतो, चाकाचा वरचा भाग आत झुकतो आणि आतली कड घासायला लागते. सामान हलवलं, टाकी रिकामी ठेवून प्रवास सुरू केला. झिजेचा वेग कमी झाला, पण आतल्या आणि बाहेरच्या खाचेतला फरक वाढतच राहिला.

गेजचा खरा उपयोग मला इथे पटला. झिजलेली कड परत भरून येत नाही, त्यामुळे फरक किती आहे यापेक्षा तो वाढतोय का, हे पाहावं लागतं. त्यासाठी महिनोन् महिने तीच खाच, त्याच खुणेपाशी मोजावी लागते. मी टायरच्या बाजूवर खडूने खूण करतो.

फरक वाढतोय म्हणून अंतरं मोजली. त्याआधी ट्रेलर सरळ पुढे ओढून थांबवायचा, म्हणजे चाकं आपल्या जागी बसतात. कपलरच्या (ट्रेलर गाडीला जोडायच्या पुढच्या भागाच्या) मध्यापासून पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंतचं अंतर 3 मिमीच्या आत सारखं हवं, दोन ॲक्सलमधलं दोन्ही बाजूंना 1.5 मिमीच्या आत. आमचा मागचा ॲक्सल झिजणाऱ्या बाजूलाच मागे सरकलेला होता. स्प्रिंगच्या पाट्यांना धरणाऱ्या शॅकलमधले (जोडपट्ट्यांमधले) प्लास्टिकचे बुश, म्हणजे बोल्टभोवतीच्या नळ्या, पार झिजून गेले होते आणि बोल्टला लोखंडाने खाच पाडली होती. त्या जागी काशाचे बुश आणि ग्रीस भरता येणारे बोल्ट टाकले. त्यानंतरच्या प्रत्येक नोंदीत फरक जिथे होता तिथेच आहे.

काही गोष्टी या गेजला कळत नाहीत. खाचांच्या कडा एका दिशेने धारदार झाल्या असतील, म्हणजे टोची गडबड असेल, तर ते तळहात फिरवूनच समजतं; एका दिशेने हात सुळकन जातो आणि उलट दिशेने अडकतो. टायरला आलेला फुगा गेज दाखवत नाही, आणि फुगा दिसला की तो टायर लगेच बदलायचा. वयही नाही. ट्रेलरचे टायर नक्षी शिल्लक असतानाच वयाने निकामी होतात, म्हणून बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: 2321 म्हणजे 2021 चा तेविसावा आठवडा.

साधनाबद्दल तक्रारी दोनच. शून्य सरकतं, म्हणून दर वेळी सपाट काचेवर टेकवून बटण दाबावं लागतं. आणि न वापरताही बॅटरी उतरते, सुटा सेल जवळ ठेवा. आतल्या कडेपर्यंत पोचायचं तर आखूड बांध्याचं मॉडेलच घ्या; लांब दांड्याचं गेज चाक आणि चेसिसच्या मधल्या जागेत वळतच नाही.