नवा व्हिडिओ कॅमेरा सदोष निघाला: दुकानदार, सर्व्हिस सेंटर की ग्राहक आयोग?

तालुक्याच्या दुकानातून घेतलेल्या नव्या कॅमेऱ्यात दोष निघाला, तर विदर्भातल्या शूटिंगवाल्यापुढे तीन वाटा असतात. दुकानदार पैसे परत देऊ शकतो किंवा नवा नग देऊ शकतो. नागपूरचं सर्व्हिस सेंटर बहुधा दुरुस्तीच करून देतं. ग्राहक आयोग दोघांनाही भाग पाडू शकतो, पण वेळ घेतो. आमचं मत असं, की पहिल्या महिन्यात दुकान सोडू नये आणि लेखी मागणी दिल्याशिवाय कॅमेरा कोणालाही उघडू देऊ नये. एकदा दुरुस्ती मान्य केली की बदलून घेण्याचा आग्रह ढिला पडतो.

त्याआधी दोष खरा आहे का, ते तपासा. 29 मिनिटं 59 सेकंदांवर रेकॉर्डिंग थांबणं ही बऱ्याच फोटो-कॅमेऱ्यांची मर्यादा आहे, तो बिघाड नव्हे. मोठी फाइल 4 जीबीच्या तुकड्यांत पडते, तेही तसंच. फोर-के (जास्त बारकाव्याचं रेकॉर्डिंग) लावल्यावर कार्ड एरर येत असेल तर चांगलं व्ही-30, म्हणजे वेगवान, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून पुन्हा पाहा. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा 40 अंश असते. मांडवात तापून बंद पडला, या तक्रारीवर कंपनी त्याच ओळीवर बोट ठेवते. म्हणून चाचणी सकाळी, घरात, पूर्ण चार्ज बॅटरीवर करा. लेन्सला झाकण लावून एक मिनिटाची अंधारी क्लिप घ्या. ठिपके प्रत्येक वेळी त्याच जागी दिसले आणि मेनूतल्या पिक्सेल मॅपिंगनंही (असे ठिपके झाकणारी सोय) गेले नाहीत, तर तो सेन्सरचा दोष. स्थिर वस्तूवर ऑटोफोकस सारखा मागे-पुढे होतो का, हेडफोनमध्ये खरखर येते का, हेही नोंदवा. मूळ क्लिप कार्डावरून पुसू नका. दोष घडतानाच कॅमेऱ्याचा सिरीयल नंबर दिसेल असा मोबाईलवर व्हिडिओ घ्या.

आता दुकान. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा बिलावरचा शिक्का सदोष मालाला लागू होत नाही. असा माल परत घेऊन पैसे देण्यास बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत, नकार देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. लेखी मागणीच्या अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर सही-शिक्का घ्या. नाही दिला तर स्पीड पोस्टानं पाठवा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'ठेवून जा भाऊ, कंपनीत पाठवतो' या बोलण्यावर. वाटेत कुरिअरमध्ये कॅमेऱ्याला पोचा पडतो आणि कंपनी 'फिजिकल डॅमेज' म्हणून वॉरंटी नाकारते. ठेवावाच लागला तर चारही बाजूंचे फोटो काढा. पावतीवर सिरीयल नंबर, बॅटरी, चार्जर आणि दोष लिहून घ्या. बिलाविना स्वस्तात घेतलेल्या नगावर ही सगळी ताकद निम्मी होते.

सर्व्हिस सेंटर बरं कधी? महिना उलटला असेल, किंवा दोष लहान असेल तेव्हा. गडचिरोलीहून नागपूर 170 किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणून आधी फोन करून पार्ट उपलब्ध आहे का ते विचारा. जॉबशीटवर (कॅमेरा दुरुस्तीला घेतल्याच्या कागदावर) 'चेकिंग' एवढंच लिहू देऊ नका, 'रेकॉर्डिंग मध्येच थांबते' असा नेमका दोष लिहायला लावा. कधी येणारा, कधी न येणारा दोष असेल तर क्लिप पेनड्राइव्हवर द्या, नाहीतर 'दोष आढळला नाही' असा शेरा येतो आणि तोच कागद पुढे तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

ऑनलाइन घेतला असेल तर रिटर्नची मुदत आधी पाहा. विकणाऱ्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्यानं 48 तासांत पोच आणि महिनाभरात तोडगा द्यावा, असा 2020 चा नियम आहे.

दोन्हीकडून दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून तक्रार नोंदवा. तिथून कंपनीपर्यंत विषय जातो, सक्ती मात्र होत नाही. सक्ती जिल्हा ग्राहक आयोगच करू शकतो. दुकान नागपूरचं असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार करण्याची मुदत 2 वर्षांची. कायद्यात निकालाला 3 महिने, तपासणी लागल्यास 5 महिने धरले आहेत, प्रत्यक्षात जास्त लागतात. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यानं तक्रारीत 'स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी खरेदी' असं स्पष्ट लिहावंच. नाहीतर 'हा व्यापारी वापर, तुम्ही ग्राहकच नाही' ही हरकत पहिल्याच तारखेला येते.

दरम्यान हप्त्यावर घेतला असेल तर हप्ते थांबवू नका, कर्ज फायनान्स कंपनीचं आहे, दुकानाचं नाही. हातातल्या ऑर्डरीसाठी कॅमेरा भाड्यानं घ्या आणि पावती ठेवा, ते भाडं नुकसानभरपाईत मागता येतं.