नावं कुठायत? टेड कूझर यांचं ‘द ब्लिझर्ड व्हॉइसेस’, एक अख्खा हिवाळा वापरल्यावर

मधली पानं सुटून हातात आली, म्हणून शेवटी हे लिहायला बसलोय. साठेक पानांचं पातळ पुस्तक, त्याचा डिंक एक हिवाळाही टिकू नये? कवितेचं पुस्तक आहे, रोजचा वापर कुठे, असं कुणी म्हणेल. पण आमच्याकडे त्याचा वापर झालाय, चांगला दणकून झालाय. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहात राहणारी आम्ही चार-पाच मराठी घरं थंडीत कुणाच्या तरी तळघरात जमून अभिवाचन करतो, आणि या वेळी एकदा तरी इथल्याच मातीतलं काहीतरी घेऊ या असं ठरलं होतं.

कूझर कोण, हे हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच. जन्म आयोवातला, पण राहिले नेब्रास्कातच, 2004 ते 2006 अमेरिकेचे राजकवी, 2005 चा पुलित्झर पुरस्कार, आणि आयुष्याचा मोठा भाग लिंकनमधल्या (नेब्रास्काची राजधानी) आयुर्विम्याच्या कंपनीत नोकरी. पुस्तक मूळ 1986 चं. मी घेतली ती युनिव्हर्सिटी ऑफ नेब्रास्का प्रेसची 2006 ची आवृत्ती.

आधी खरेदीचं सांगतो, कारण तिथेच डोकं फिरलं. विक्रेत्याच्या यादीत ‘नवीन’ लिहिलेलं, म्हणून दोन पैसे जास्त मोजले. आलं ते कोपरे दुमडलेलं आणि आत पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. तक्रार केली तर फोटो पाठवा, परत फोटो पाठवा, आता पाकिटाचा फोटो पाठवा. शेवटी कळलं की परत पाठवायचा टपालखर्च माझ्याच डोक्यावर, आणि तो पुस्तकाच्या किमतीच्या जवळपास. मग अर्ध्या पैशांवर तोडपाणी झालं. इथल्या ग्रंथालयात हेच पुस्तक फुकट वाचायला मिळतं ही गोष्ट बायकोने त्या आठवड्यात पुरेशा वेळा ऐकवली.

तर मूळ तक्रार. विषय आहे 12 जानेवारी 1888 चं हिमवादळ, ज्याला इकडे ‘शाळकरी मुलांचं वादळ’ म्हणतात. (न्यूयॉर्कला गाडणारं वादळ त्याच वर्षी मार्चमधलं, ते वेगळं. शोधताना दोन्हींची सरमिसळ होते, जपून.) वादळातून वाचलेली माणसं एकेक करून बोलतात. मुक्तछंद, छोट्या ओळी, कुठेही गहिवर नाही. आणि प्रत्येक कवितेच्या डोक्यावर काय? ‘पुरुषाचा आवाज’ नाहीतर ‘बाईचा आवाज’. बस्स. नाव नाही, गाव नाही, वय नाही. पहिल्या वाचनात मी चिडलो ते यावरच. माणसं खरी, घटना खरी, 1940 च्या दशकात या वादळातून वाचलेल्या म्हाताऱ्यांनी लिंकनमध्ये चक्क एक क्लब काढून आठवणी गोळा केल्या, 1947 मध्ये त्यांचं संकलन छापलं. कूझर यांनी असल्या आठवणी वाचूनच हे रचलंय. मग नावं गाळायची का? शेवटी एक पान जोडून कुठला आवाज कुणाच्या आठवणीवरून घेतलाय एवढं सांगितलं असतं तर प्रकाशकाचं काय गेलं असतं? एका पानाचा कागद!

मी मग ग्रंथालयात जाऊन वादळाबद्दल मिळेल ते वाचायला लागलो, आणि पुस्तकाच्या समासात नावं लिहायला लागलो. तिथे आधीपासून पेन्सिल चाललेलीच होती, माझी त्यात भर. त्या नादात वादळ बऱ्यापैकी पाठ झालं. त्या गुरुवारची सकाळ जानेवारीच्या मानाने इतकी उबदार होती की लोक जाड कोट घरी ठेवून बाहेर पडले. गुरं कुरणात सोडलेली, पोरं शाळेत साध्या कपड्यांत. उत्तरेला डाकोटात वादळ सकाळीच थडकलं, पण नेब्रास्काच्या पूर्व भागात पोचलं ते दुपारी, नेमकं शाळा सुटायच्या सुमाराला. बर्फ पिठासारखा बारीक, वारा असा की आपलाच हात दिसेना, पापण्या गोठून मिटायच्या. रात्री पारा फॅरनहाइटमध्ये शून्याच्या वीस-तीस अंश खाली. मृतांचा आकडा साधारण 235 धरतात. 1862 च्या होमस्टेड कायद्याने (वस्ती करून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) मिळालेल्या 160 एकरांवर ही माणसं येऊन बसलेली, शेजारचं घर अर्ध्या-एक मैलावर, मधे ना झाड ना कुंपण. गोठ्यापासून घरापर्यंत येताना माणूस हरवायचा. हे सगळं माहीत असलं की कविता वाचताना घसा दाटतो. माहीत नसलं तर अर्ध्या कविता कोरड्या वाटतील. पुस्तकात साधा नकाशाही नाही, हे जाता जाता नोंदवतो.

आता पेन्सिलीच्या खुणांबद्दल. माझ्या आधीच्या मालकाने किंवा मालकिणीने ओळींच्या मधे तिरप्या रेघा मारल्यात, काही शब्दांखाली बाण काढलेत, आणि प्रत्येक कवितेशेजारी एक आकडा घातलाय. एकच आकडा दूरदूरच्या कवितांना पुन्हा पुन्हा येतो. बरेच दिवस मला ही शाळकरी खरडाखरड वाटत होती. मग लक्षात आलं की ही वाटणी आहे: हे कुणीतरी मंचावर वाचलेलं पुस्तक आहे. तिरपी रेघ म्हणजे श्वास. आकडा म्हणजे वाचणारा. हे लिखाण लिंकनमध्ये नाटकासारखं मंचावर सादर झालेलं आहे, हे मी कुठेतरी वाचून विसरलो होतो.

आम्ही त्याच आकड्यांप्रमाणे वाटणी केली आणि वाचायला बसलो. आणि इथे माझं मत हललं, सांगायलाच हवं. कानाला नाव लागतच नाही. एक बाई बोलून थांबते, दुसरा पुरुष सुरू करतो, आणि आधीची बाई त्याची शेजारीण असेल की बहीण, हे ऐकणारा मनातल्या मनात जुळवत राहतो. आमच्यातल्या एका काकूंनी (मूळच्या सांगलीच्या, इकडे येऊन तीसेक वर्षं झाली) तीन वेगवेगळ्या बायकांचे आवाज वाचले, आवाज मुळीच न बदलता. तरी तिन्ही बायका वेगळ्या कळत होत्या. कूझर ऑफिसातल्या सेक्रेटरीला कविता दाखवायचे, तिला कळली नाही तर पुन्हा लिहायचे, असं त्यांनीच सांगितलंय. ते इथे ऐकू येतं. ओळ न ओळ जबानी दिल्यासारखी आहे: मी इथे होतो, हे पाहिलं, मग असं झालं. अलंकार घालायचा मोह कवीने आवरलाय, आणि तेवढ्यासाठी विमा कंपनीचेही थोडे आभार मानायला हरकत नाही.

दुसरं म्हणजे, ग्रंथालयात नावं शोधताना जे सापडलं त्याने माझ्याच तक्रारीची थोडी पंचाईत केली. 1888 मध्ये वर्तमानपत्रांनी नावं दिलीच होती की. ठरावीक दिली. मिनी फ्रीमन, व्हॅली काउंटीतल्या मातीच्या ढेपांच्या शाळेची शिक्षिका, छप्पर उडाल्यावर सगळी मुलं शेतघरापर्यंत सुखरूप नेणारी. देशभर गाजली, तिच्यावर गाणं निघालं, लग्नाच्या मागण्या आल्या. मुलांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो, तिने दोरीने त्यांना एकत्र बांधलं की नाही यावर तर अजूनही एकमत नाही. लोइस रॉइस, प्लेनव्ह्यूजवळची, हिच्या कुशीत तीन मुलं उघड्यावर रात्रभरात गेली आणि तिचे पाय कापावे लागले. एटा शटक गवताच्या गंजीत 78 तास अडकून राहिली, सापडली, पाय कापले, तरी फेब्रुवारीत गेलीच. ‘ओमाहा बी’ या वर्तमानपत्राने या शिक्षिकांसाठी वीरांगना निधी काढला, वाचकांनी भरभरून पैसे पाठवले. चांगलंच केलं. पण ज्या बापाची गुरं मेली आणि पोरगा दुसऱ्या दिवशी घरापासून हाकेच्या अंतरावर सापडला, त्याच्यासाठी कुठला निधी? तो ‘पुरुषाचा आवाज’. मिनी फ्रीमनचं भित्तिचित्र लिंकनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे राज्याच्या विधानभवनात आहे, त्या बापाचं कुठेच नाही. सगळ्यांना एकाच मथळ्याखाली बसवलं की निदान या पुस्तकात तरी कुणी मोठं, कुणी छोटं राहत नाही. हे मला पटलंय.

पटलं तरी ते एक पान हवंच होतं. मंचावर नावं नकोत, मान्य, पण पुस्तक हातात घेऊन एकटा वाचणाऱ्याला शेवटी पाहायला मिळाली असती तर आवाजाचं काय बिघडलं असतं? ज्याला नको तो पान उलटणार नाही.

बाकी किरकोळ. टॉम पोर्ट यांची रेखाचित्रं आहेत, मोजकी, लुडबुड करत नाहीत. एका बैठकीत संपतं, आणि एका बैठकीत संपवू नये. सलग वाचलं तर मधल्या काही कविता एकमेकींत मिसळतात. संगीतकार पॉल मोरावेक यांनी यावर ओरॅटोरिओ (गायक आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) केलाय, 2008 मध्ये इथेच ऑपेरा ओमाहाने सादर केला. मी ध्वनिमुद्रण ऐकलं. वाद्यवृंद भारी आहे, पण इतकी साधी माणसं एवढ्या मोठ्या आवाजात बोलायला लागली की मला जरा परकं वाटतं. संगीतातलं कळणाऱ्यांनी आपलं ठरवावं.

पानं सुटल्यावर एकाने सुचवलं की बरंच झालं, ज्याची त्याची पानं वाटून टाकू. ते जमत नाही, कारण पानाच्या मागच्या बाजूला दुसऱ्याचा आवाज असतो. सध्या सगळं एका काळ्या चिमट्यात अडकवलंय.

घ्यायचं असेल तर आधी ग्रंथालयातून आणून दोन-चार कविता मोठ्याने वाचून बघा. मनातल्या मनात वाचून मत बनवू नका. आवडलं तर जुनीच प्रत घ्या, नवीनच्या नावाखाली जास्त पैसे देऊ नका, आणि कुणी आधी पेन्सिल चालवलेली मिळाली तर परत करण्याच्या भानगडीत पडू नका. माझी प्रत मागू नका, जानेवारीत पुन्हा लागणार आहे.